अठ्ठावीस दिवसांची संकष्टी

मोबाइलवर पैसे कसे वाचवावेत हे मला आणि माझ्या बहिणीला कोणी शिकवायची गरज नव्हती. आमची रीत साधी होती. फोन करायचा नाही, मिस कॉल द्यायचा.

माझी थोरली बहीण, तिला आम्ही अक्का म्हणतो, केळशीला एकटी राहते. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. मी तिच्याहून चार वर्षांनी लहान, रत्नागिरीत मुलाकडे असते. सकाळी चहा झाला की अक्का मला एक मिस कॉल द्यायची. एक म्हणजे उठल्ये, धड आहे. मी उलट एक द्यायचे, म्हणजे कळलं. दोन आले तर कोणाच्या तरी हाती काहीतरी पाठवलंय, एसटी स्टँडवर जाऊन घे. तीन म्हणजे खरंच बोलायचंय. तीन आले तरी मी आधी विचार करायचे की हिला एवढं काय बोलायचं असेल, आणि दहातल्या नऊ वेळा न बोलताच भागायचं. मुख्य नियम एकच. वाजता फोन उचलायचा नाही. उचलला की करणाऱ्याचे पैसे गेले. एकदा माझ्या सुनेने अक्काचा वाजता फोन उचलला, तेव्हापासून अक्का तिला ‘तुझी ती उधळी’ म्हणते.

मिस कॉलची रीत जुनीच, पण रोज सकाळचा मिस कॉल गेल्या वर्षी सुरू झाला. अक्का न्हाणीत घसरून पडली आणि दुपारी मासेवाली हाक मारत आली तोवर तशीच पडून होती. हाड मोडलं नाही हे तिचं नशीब. तिचा एकुलता मुलगा बोटीवर नोकरीला आहे, सहा-सहा महिने समुद्रात असतो. मी तिला म्हटलं, माझ्याकडे येऊन राहा. तर म्हणाली की तुझ्याकडे समुद्राचा वारा नाही. रत्नागिरीला जसं काही वाळवंटच आहे. बरं, शेजारणीशी हिचं गडग्यावरून भांडण. गडगा म्हणजे दोन आवारांमधली दगडाची बुटकी भिंत. ती शेजारणीने वीतभर आत सरकवली असं अक्का म्हणते. सरकवली की नाही ते देवाला ठाऊक, पण त्या बाईने हिच्याकडे डोकावणं सोडलं ते सोडलंच. म्हणजे अक्का जिवंत आहे की नाही हे कळायला मला त्या एका मिस कॉलशिवाय दुसरं काही नव्हतं.

तर एके दिवशी तो आलाच नाही.

मी नऊपर्यंत वाट पाहिली. मग मी मिस कॉल दिला. उत्तर नाही. मग दोन दिले, मग तीन. शेवटी नियम मोडून फोन पूर्ण वाजू दिला, पाच-सहा वेळा. तो आपला वाजून वाजून थांबायचा. सून डबा भरता भरता म्हणाली की रिचार्ज संपला असेल. मी म्हटलं, शक्य नाही. भाचा बोटीवर जाताना आईच्या फोनचं तीन महिन्यांचं भरून गेला होता. ते संपलं तेव्हा अक्काने ठरवलं की दर खेपेला पोराकडे हात पसरायचा नाही, आपलं आपण भरायचं. आणि विसरायला होऊ नये म्हणून तिने दिवसही नेमका धरला होता. संकष्टीला ती गणपतीच्या देवळात जातेच, तिथून येताना वाटेतल्या दुकानात रिचार्ज करायचा. महिन्याचा रिचार्ज, महिन्याची संकष्टी. मागच्या संकष्टीला तिने पहिल्यांदाच भरला होता आणि पुढची संकष्टी अजून परवावर होती. हिशेब सरळ होता. रिचार्ज संपला नव्हता, म्हणजे अक्काच संपली होती.

मग मी शेजारणीला फोन लावला. ती म्हणाली, “दार लोटलेलं दिसतंय. सकाळपासून काही दिसल्या नाहीत. मी बघत नाही हो त्यांच्याकडे.” जरा जाऊन बघ म्हटलं, तर म्हणाली की गडगा ओलांडला तर त्या माझ्यावर कोर्टात जातील. तेही खोटं नव्हतं.

मुलगा ऑफिसला गेला होता. त्याची वाट बघत बसले असते तर संध्याकाळ झाली असती. मी एक जुनं लुगडं नेसले, कारण अशा वेळी चांगलं नेसून गेलं की बायका बोलतात, आणि एक जुनंच पिशवीत टाकलं. सुनेला सांगितलं की भाच्याला एवढ्यात कळवू नको, समुद्रात आहे, उगाच उडी मारेल. मग स्टँडवर जाऊन दापोलीची गाडी धरली.

रत्नागिरी ते दापोली हा प्रवास दुःखात करण्यासारखा नाही. वळणं इतकी आहेत की दुःखापेक्षा मळमळ जास्त होते. मी लिंबू हुंगत बसले आणि काय काय करावं लागेल ते मनात लावत गेले. कोणाला बोलवायचं, बाराव्याला किती माणसं, अक्काच्या कोंबड्या कोण नेणार. गडग्याचं भांडण आता माझ्या गळ्यात येणार हेही डोक्यात आलं. शेजारच्या सीटवरच्या बाईने विचारलं की कुठे निघालात, तर मी म्हटलं की बहीण गेली. तिने माझ्या हातात चार शेंगदाणे ठेवले. रडू येत नव्हतं. माझं असंच आहे, काम संपल्याशिवाय मला रडता येत नाही.

दापोलीत गाडी बदलली. केळशीला उतरले तेव्हा उन्हं कलली होती. अक्काच्या अंगणात पाय ठेवला आणि तळलेल्या मांदेलीचा वास आला. मला वाटलं, मयताच्या घरात मासे कोण तळतंय. तेवढ्यात उलथनं हातात घेऊन अक्काच पडवीत आली. माझा चेहरा, जुनं लुगडं, पिशवी, सगळं तिने एकदा बघून घेतलं आणि तिचा चेहरा उतरला.

“कोण गेलं गो?” तिने विचारलं.

मी पायरीवर बसले आणि म्हटलं, “तू.”

तिने उलथनं खाली ठेवलं. मग म्हणाली, “मग आधी पाणी पी.”

पाणी प्यायल्यावर मी तिच्यावर जे तोंड सोडलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सगळं झाल्यावर विचारलं की मिस कॉल का दिला नाहीस. तर ती उलट माझ्यावरच उखडली. ती म्हणे सकाळपासून देत होती. नंबर दाबला की फोनमधून एक बाई बोलते आणि फोन बंद होतो.

“काय बोलते?”

“म्हणते, वैधता समाप्त झाली आहे. मला वाटलं, तुझी झाली.”

“आणि तू मांदेली तळत बसलीस?”

“परवा संकष्टी, मग मासे मिळायचे कधी? आणि तुझं काही बरंवाईट असतं तर सुनेने फोन करून कळवलं असतं.”

“मी सकाळपासून फोन वाजवत्ये, तो उचललास?”

“वाजता फोन उचलायचा नाही, हे कोणी ठरवलं होतं?”

“मग सुनेचा तरी उचलला असतास?”

अक्काने खरंच विचार केला. ती खोटं बोलत नाही, हा तिचा एक गुण. म्हणाली, “नसता उचलला.”

मांदेली चांगली कुरकुरीत झाली होती. बाराव्याचा बेत करत आलेल्या माणसाच्या मानाने मी बरीच जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी त्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे एका मुलीचं शिवणकाम आहे. ब्लाउज शिवता शिवता ती फोनचे रिचार्जही करते. अक्काने तिला दटावलंच. महिन्याचे पैसे घेतलेस आणि संकष्टीच्या आधीच फोन बंद कसा पडला. मुलगी म्हणाली की आजी, महिन्याचा नाही, अठ्ठावीस दिवसांचा असतो.

“महिना अठ्ठावीस दिवसांचा कुठला गो?” अक्का म्हणाली. “फेब्रुवारी आहे काय?”

मुलीने समजावून सांगितलं. कंपनीचा महिना अठ्ठावीस दिवसांचा, त्यामुळे वर्षात बारा नाही, तेरा रिचार्ज होतात. संकष्टी येते एकोणतीस-तीस दिवसांनी. म्हणजे संकष्टीला भरलं की पुढच्या संकष्टीच्या आधी एक-दोन दिवस फोन मुका होणारच. अक्काला कंपनीचा राग आला, पण त्याहून तिला त्या तेराव्याचं नवल वाटलं. अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो, त्या धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावून अनारसे घालतात, वाण देतात. ते तीन वर्षांतून एकदा म्हणून परवडतं. “ही कंपनी म्हणजे भारीच जावई,” अक्का म्हणाली, “हिला दरवर्षी धोंड्याचा महिना.”

मग त्या मुलीने जे सांगितलं ते याहून भारी होतं. या रिचार्जमध्ये बोलणं फुकट असतं म्हणाली. कितीही बोला, कुठेही बोला. फोन उचलला काय, केला काय, वेगळे पैसे कापत नाहीत. मी विचारलं, कधीपासून. म्हणाली, झाली की बरीच वर्षं. म्हणजे इतकी वर्षं आम्ही पोटभर जेवणाचे पैसे आधी भरून नुसता वास घेऊन परत येत होतो. पुढे रत्नागिरीला परतल्यावर सून म्हणाली की आई, हे मी तुम्हाला तीनदा सांगितलं होतं. सांगितलं असेल. फुकट हा शब्द आला की मी ऐकायचं बंद करते, कारण फुकट म्हणून आणलेल्या चादरीचा रंग मी पाहिलेला आहे.

त्या दुकानात आणखी एक निघालं. अक्काचा फोन बटणांचा. त्यात रोजचं इंटरनेट येत होतं, त्याचे पैसे ती भरत होती. न वापरलेलं इंटरनेट कुठे जातं, असं अक्काने विचारलं. मुलगी म्हणाली, रोज रात्री संपतं, दुसऱ्या दिवशी नवं येतं. अक्काने कपाळाला हात लावला. रोज शिजवायचं आणि रोज उकिरड्यावर टाकायचं, त्यापेक्षा कोंबड्यांना तरी घाला म्हणाली.

मुलगी हुशार होती. तिने नुसत्या बोलण्याचा रिचार्ज शोधून काढला, इंटरनेट नसलेला. तो वर्षभराचा होता. एकदम भरायचे म्हणून आकडा मोठा वाटत होता, पण तेरा वेळा भरण्याच्या मानाने निम्म्याच्या आसपास पडत होता. शिवाय वर्षभर तारीख लक्षात ठेवायची भानगड नाही. मला पटलं. अक्काला पटेना.

“वर्षाचं भरलं नि मी श्रावणात गेले तर?”

मुलगी म्हणाली, असं काय बोलता आजी.

“उरलेले परत देतात?”

“नाही देत.”

“पोराच्या फोनवर वळवतात?”

“नाही.”

“मग अठ्ठावीस दिवसांचंच बरं. गेले तर थोडक्यात जातील.”

हा हिशेब चुकीचा आहे असं मला म्हणता येईना. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसाने वर्षाचं काही भरू नये, हे मलाही समजतं. आमच्या वयात लोणचंसुद्धा छोट्या बरणीत घालतात. पण दर चार आठवड्यांनी हिचा फोन मुका होणार, मी लुगडं बदलणार आणि दापोलीची वळणं घेत येणार, हे माझ्याच्याने होणार नव्हतं. आणि एखाद्या वेळी मी सुनेचं ऐकून रिचार्जच संपला असेल म्हणून घरी बसायची, आणि नेमकी त्याच दिवशी ही न्हाणीत पडलेली असायची. ते मी मुलीसमोर बोलले नाही. मी कमरेची पिशवी सोडली.

“मी भरते वर्षाचे,” मी म्हटलं. “पण मग वर्षभर मरायचं नाही. मेलीस तर माझे बुडाले.”

अक्काने माझ्याकडे बघितलं, नोटांकडे बघितलं.

“तू भरत असशील तर जगत्ये,” ती म्हणाली.

मुलगी मशीनवर डोकं घालून हसत होती. तिने पैसे घेतले, फोनची बटणं दाबली आणि तिथल्या तिथे मला अक्काच्या फोनवरून फोन लावून दिला. दोघी एकाच बाकावर बसून आम्ही एकमेकींना हॅलो म्हटलं. अक्का एवढ्याने ओरडली की रस्त्यावरचा कुत्रा उठला.

आता खरी किंमत सांगते. अक्का ते वर्ष वसूल करायला बसली आहे. सकाळी फोन येतो, तिने चहात आलं घातलं की गवती चहा ते सांगायला. मग मासेवालीने काय भाव सांगितला, मग भाव कितीवर तुटला. दुपारी मी आडवी झाले की गडग्याचा विषय. बोलायचं संपलं तेव्हा तिने आईच्या नथीचं काढलं, जी माझ्याकडे आली आणि तिच्या मते यायला नको होती. यावर आम्ही चार दिवस रोज तासभर भांडलो. पूर्वी हे भांडण आम्हाला परवडलं नसतं. माझी डाळ दोनदा करपली.

हल्ली तर ती बोलतही नाही. फोन लावते आणि पडवीत ठेवून कामाला लागते. मला इकडे कोंबड्यांना हाकलणं ऐकू येतं, नारळ सोलणं ऐकू येतं, शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने पुटपुटणं ऐकू येतं. परवा मी तांदूळ निवडत अर्धा तास ते ऐकत होते. शेवटी मीच ओरडले की अगो, बोलायचं नसेल तर ठेव की फोन.

लांबून तिचा आवाज आला, “ठेवून काय पैसे परत मिळणार आहेत?”