सासू निघाली उसाच्या फडावर

बोरीची दैवशाला दरसाल दसऱ्यानंतर नवऱ्याबरोबर ऊस तोडायला सांगलीकडे जाते. टोळीचा रिवाज ठरलेला: धडधाकट माणसं फडावर, म्हातारी गावात. त्या साली मात्र सासू नर्मदाबाई खाटेला खिळल्या होत्या. खुब्याचा सांधा पार झिजला होता.

सरकारी योजनेचं कार्ड घरात होतं. त्यावर ऑपरेशन फुकट होतं म्हणून नवरा बजरंग आईला परभणीच्या एका दवाखान्यात घेऊन गेला. तिथं हे ऑपरेशन योजनेत नाही असं कळलं आणि तो गुमान परत आला. कार्ड म्हणजे रेशनसारखंच, आपल्या दुकानात माल नसला की विषय संपला, अशी सगळ्या गावाचीच समजूत होती. नर्मदाबाई म्हणाल्या, "आता मला ह्या खाटंवरून चौघंच उचलतेल."

ते दैवशालेला लागलं. लग्न होऊन आली तेव्हा तिला कोयता धरायला याच बाईंनी शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी ती एकटीच एसटीने परभणीला गेली आणि दवाखान्यातल्या योजनेच्या खिडकीवर तिने विचारलं, "हितं न्हाई, मग कुठं हाय?"

असं तिथं कुणी विचारत नसावं. खिडकीवरच्या मुलीने कॉम्प्युटर पाहिला आणि समजावून सांगितलं. कार्ड राज्यभर चालतं. कोणत्या दवाखान्यात काय होतं, ते मात्र जिल्ह्याजिल्ह्यात वेगळं. ती गावांची नावं वाचू लागली. सांगली येताच दैवशालेने तिला थांबवलं. "तिकडंच तर जायलोत आमी."

टोळीचा मुकादम दत्तराव हे ऐकून हसत सुटला. "सासूपासून सुटायला बाया फडावर येतात, आन तू सासूलाच संगं घ्यायलीस?"

"आलो तर तिघं येऊ," दैवशाला म्हणाली, "न्हाईतर कुणीच न्हाई."

नवरा-बायकोची अशी कामसू जोडी सोडणं मुकादमाला परवडणारं नव्हतं. ट्रकमध्ये भांड्याकुंड्यांच्या मधोमध खाट बांधली गेली आणि नर्मदाबाई तिच्यावर आडव्या होऊन निघाल्या.

सांगलीला ऑपरेशन झालं. आधी वॉकर, मग काठी. हंगाम संपून पट्टा पडायच्या सुमारास तर फडावरून थकून आलेल्या दोघांना पाचटाच्या कोपीत नर्मदाबाईंच्या हातची गरम भाकरी मिळू लागली. इतक्या वर्षांत असं सुख पहिल्यांदाच.

परतताना बोरीच्या वेशीजवळ नर्मदाबाईंनी ट्रक थांबवायला लावला. घर पुढं आहे, असं दत्तराव सांगत होता. पण त्या उतरल्याच. काठी टेकत, सुनेला शेजारी घेऊन, भर रस्त्याने गावात शिरल्या. पारावरची माणसं उठून उभी राहिली. दत्तरावलाही चेव आला. त्याने हौसेने खाटेला चार गडी लावले आणि ती रिकामी खाट मिरवणुकीसारखी मागून निघाली.

नर्मदाबाईंनी वळून पाहिलं. "नीट धरा रे," त्या म्हणाल्या, "उद्या तिच्यावर कुरडया घालायच्यात."