ठमीची आई आणि लोखंडी किटली

धाकट्या बहिणीने ती लोखंडी किटली घरी आणली तेव्हा मी कपाळावर हात मारला. त्या किटलीचं खरं नाव केटलबेल, व्यायामाचं वजन. वर मूठ, खाली गोळा, आत ना चहा ना पाणी.

"दिवसभर पार्लरमध्ये उभी राहून केस कापतेस, तेवढं पुरत नाही का?" मी म्हटलं.

"नाही पुरत, ताई," ती फणकारली. "जिना कोण चढतं हिला घेऊन? तू?"

हिला म्हणजे ठमीला, तिच्या मुलीला. पोरीच्या पायांत जन्मापासून जोर नाही. तोंडात मात्र चौघींचा आहे. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही. शाळेची गाडी खाली येते, तिथवर पोरीला न्यायचं आणि संध्याकाळी वर आणायचं ते आईनेच. नवरा परगावी नोकरीला, आणि माझे गुडघे मलाच कसेबसे वर आणतात. एकदा जिन्यात धाकटीचा पाय लटपटला आणि दोघी पायरीवर धपकन बसल्या. झालं! नात्यातले सगळे शहाणे पुढे सरसावले: पोर मोठी झाली, आता शाळा बंद करा, घरीच शिकवा. दिवसभर टकळी चालवणारी ठमी पलंगावर बसून सगळं ऐकत होती.

म्हणून किटली. पार्लरशेजारच्या जिममधली बाई शिकवायची, "उचलू नका, झोका द्या. हात म्हणजे नुसती दोरी, जोर कमरेतला." पण आमच्या बाईसाहेबांचा सगळा जन्म हातांवर गेलेला, कंबर हलायलाच तयार नाही. गोळा मनगटावर आपटून काळानिळा डाग पडला. गिऱ्हाइकं दबक्या आवाजात विचारायची, "घरी सगळं ठीक आहे ना?" पाठ धरायची, ही रडकुंडीला यायची, आणि पलंगावरून ठमी हाक मारायची, "आई, झाला का गं चहा?"

आठवडे गेले, पण ठमीला घेऊन चढताना तिसऱ्या मजल्यावर दम घ्यायला थांबणं काही सुटेना. पालथ्या घड्यावर पाणी! एका संध्याकाळी धाकटीने ठमीला पलंगावर ठेवलं आणि चिडून किटलीला लाथ घातली. अंगठा ठेचला तो हिचाच. मग तोंडाचा पट्टा सुटला, "मी कमावते पावशेर ताकद, आणि ही पोर कमावते शेरभर वजन! पुरी कशी पडू मी?"

ठमी हसली नाही.

पुढे एक दिवस धाकटी न थांबता थेट वर आली. "ताई, जमलं गं!" दारातूनच ओरडली. मला तर काय करू नि काय नको असं झालं. ती तोंड धुवायला गेली आणि मी ठमीचा गणवेश बदलायला घेतला. तिला जरा वर धरलं, तर हूक न काढताच स्कर्ट घसरून खाली आला.

"डबा कोण खातं गं तुझा?"

"मैत्रिणी."

"आणि तू?"

"मला भूक नसते." माझा चेहरा बघून तिने माझा हात घट्ट धरला. "मावशी, आईला सांगू नकोस ना. तिला वाटू दे जमलं म्हणून."

मागे धाकटी उभी होती. तोंड ओलंच, पुसलंही नव्हतं. मला वाटलं, आता पोरीला एक ठेवून देते. पण ती आत गेली, ताट वाढून आणलं आणि लेकीसमोर आदळलं.

"गिळ."

"मी जड होईन."

"हो की! जड होणं तुझं काम, उचलणं माझं. माझ्या कामात नाक खुपसायचं नाही." एवढं बोलली आणि तिला हुंदका आवरेना.

आता ठमी जेवते, आणि धाकटी पुन्हा तिसऱ्या मजल्यावर थांबते. किटलीला रोज शिव्या घालते, रोज उचलते. काल मी दार उघडून वाट बघत होते, तर खालून ठमीचा आवाज आला, "आई, जड झाले ना मी?"

"झालीस, भवाने," धाकटी धापा टाकत म्हणाली. "थांब जरा. मग जाऊ."