भिंतीवर आईचं नाव

मंडळी, वाचून झालं की हे पत्र पुढच्या घरी द्या.

आज राजवाड्यामागच्या गल्लीत एक छोटा कारखाना सापडला. दोघे भाऊ मोडीतल्या पितळी भांड्यांना भोकं पाडून विजेचे दिवे करतात. फार सुंदर!

धाकट्याने कौतुकाने एक घागर लावून दाखवली. "अक्का, हिच्यावर ठिपक्यांची नक्षी आधीच होती. मी फक्त ती आरपार केली."

भिंतीवर आईचं नाव उजळलं, त्याला वाचता न येणाऱ्या आपल्या मराठी अक्षरांत. तिच्या लग्नात घागरीवर घातलेलं.

गेल्या महिन्यात एव्हरसिल्व्हरच्या, म्हणजे स्टीलच्या, डब्यांसाठी ती घागर मीच मोडीत दिली होती. आता परत मागू तरी कशी? आणि मिळाली तरी तिच्यात पाणी कुठे राहणार?

"छान आहे हो नक्षी," एवढंच म्हणाले.

तुम्ही काय म्हणाला असता?