विमलमावशींच्या खांद्यावरचा हात

बाबा नागपूरचे, पक्के बुद्धिवादी. घरात भुताखेतांचा विषय निघाला की ते सरळ टीव्हीचा आवाज वाढवायचे. मीही तशीच... म्हणजे गेल्या हिवाळ्यापर्यंत तरी.

दिल्लीत, द्वारका भागातल्या एका हॉस्पिटलच्या बेसमेंटमध्ये, न्यूक्लिअर मेडिसिनला, म्हणजे किरणोत्सारी औषध टोचून स्कॅन काढतात तिथे, मी टेक्निशियन आहे. त्या दुपारी हृदयाच्या स्कॅनसाठी साठीच्या एक बाई आल्या. फॉर्मवर नुसतं ‘विमल’, आडनाव नाही. मी रोजच्यासारखं हिंदीत सांगितलं, "आंटीजी, हाथ सिर के ऊपर. पंद्रह मिनट बिल्कुल हिलना नहीं." आणि काचेपलीकडे येऊन बसले. खोलीत त्या एकट्याच.

स्कॅन झाला की सगळ्या छातीच्या कच्च्या प्रतिमा आम्ही भरभर फिरवतो — पेशंट हलला नाही ना, एवढंच बघायला. मग हृदय तेवढं घ्यायचं, बाकीकडे कोण बघतंय! पण विमलबाई मध्येच चांगल्याच हलल्या होत्या. माझं डोकं फिरलं.

"आंटीजी, हिलना मना था ना?"

त्या चकित होऊन बघत राहिल्या. "अगं, तूच तर खांद्याला धरून म्हणालीस, जरा सरका मावशी! मराठी आहेस, तर मघाशी हिंदीत कशाला बोलत होतीस?"

मी त्यांच्याशी मराठीत एक अक्षरही बोलले नव्हते.

स्कॅन परत केला. त्या जराही हलल्या नाहीत. या वेळी मी एकेक प्रतिमा थांबून पाहिली. हृदय ठणठणीत... पण डाव्या स्तनात एक बारीक ठिपका चमकत होता. पहिला स्कॅन पुन्हा उघडला, तर तिथेही तो होताच. त्या हलल्या नसत्या, तर मी दोन सेकंदांत सगळं बंद केलं असतं. डॉक्टरांना बोलावलं. बायोप्सीत कॅन्सर निघाला, अगदी सुरुवातीचा. ऑपरेशन वेळेवर झालं.

"झपकी लगी होगी यार, सपना देखा होगा," डॉक्टर म्हणाले. असेलही. पण मी मराठी आहे, हे त्या स्वप्नाला कुणी सांगितलं?

आता मावशी तपासणीला आल्या की मुलाच्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधून माझ्यासाठी डबा आणतात. हात धरून म्हणतात, "तू हलवलंस म्हणून मी आहे गं." एकदा खरं सांगायला तोंड उघडलं होतं... नाही जमलं. मी नुसतं "हो मावशी" म्हणते आणि डबा घेते. तो दुसऱ्याच कुणाचा तरी आहे, असं दर वेळी वाटतं. कुणाचा, ते आजही माहीत नाही.