चुन्याची छतं पाहायला: बुलडाणा ते खामगाव

गेल्या मे महिन्यात आमच्या कॉलनीचा ट्रान्सफॉर्मर पुन्हा उडाला आणि दमा असलेल्या माझ्या सासूबाईंचं वाफेचं मशीन मध्येच बंद पडलं. घरोघरी कूलर, एसी. लोड झेपणार कसा? मी सभेत म्हटलं, सोलर बसवू, छतं थंड ठेवू. अध्यक्ष वानखडेकाका म्हणाले, "पाह्यल्याबिगर मी सही करत नाही."

खामगावात माझी मैत्रीण माधुरी राहते. तिच्या कॉलनीने हे सगळं केलंय. म्हणून रविवारी काकांना माझ्या गाडीतून न्यायचं ठरलं. सातला निघायचं होतं. काका दहाला उगवले. बोथा घाटाचा रस्ता जंगलातून जातो, वळणं फार, वाटेत दुकान नाही. पाणी घरूनच न्या. काकांनी बसल्याबसल्या एसी लावायला सांगितला.

"काका, आपण वीज वाचवायला निघालोय."

"गाडीचा एसी काय विजेवर चालते?"

मी दात आवळून गाडी चालवली.

खामगावात पोचलो तर लाइट गेलेली! छतांवर पॅनेल, घरात पंखे बंद. काकांचा चेहरा खुलला. "सोलर हाय ना? मंग पंखे काऊन बंद?"

"मेन लाइन गेली की आमचं सोलरही बंद होते काका," माधुरी म्हणाली. "नाही तं लाइन दुरुस्त करणाऱ्याले शॉक लागंन. लाइट गेल्यावर चालवाचं असंन तं बॅटरी लागते."

हे मी फोनवर विचारायला हवं होतं. स्वतःचाच इतका राग आला!

"चाला वापस," काका म्हणाले. पण पाणी प्यायला ते वरच्या मजल्यावर टेकले आणि उठेचनात. भर दुपारी, पंख्याविना, तरी खोली गार, अंगाला घाम नाही. माधुरीने गच्चीवर नेलं. तिची गच्ची चुन्यात डिंक कालवून रंगवलेली, शेजारची अजून रंगवायची राहिलेली, काळपट. काका अनवाणी पांढऱ्यावर निवांत उभे राहिले. मग शेजारच्या गच्चीवर पाय टाकला आणि "आई गं!" म्हणत परत उडी मारली.

पुढच्या सभेत काकांनी ठणकावून सांगितलं, "मले आयडिया सुचली हाय. चुना!" मी कपाळावर हात मारला. महिनाभरात सगळ्या गच्च्या पांढऱ्या झाल्या.

सोलरचा अर्ज मात्र वर्षभर सहीविना त्यांच्याच कपाटात पडून आहे. "अजून एक गाव पाहून येऊ," म्हणतात. परवा भर दुपारी सासूबाई कूलर बंद ठेवून शांत झोपलेल्या दिसल्या. मी हळूच दार लोटलं, चपला घातल्या आणि पेन घेऊन वानखड्यांची बेल दाबली.