अढळपदाचा अर्थ

शर्टाची कॉलर आणि एक बाही इस्त्री करून झाली होती. दुसऱ्या बाहीवर थोरलीचा हात थबकला, कारण दारात वरच्या मजल्यावरची शिवणवाली उभी होती.

"शनिवारी पोथी वाचायला धाकटी येणार ना?"

"तिला दुकानातून सवड कुठे असते!" थोरली म्हणाली. रोज देवाचं नाव घेणाऱ्या तोंडानं धडधडीत खोटं. ती शरमली.

धाकटी जाऊ चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. पोथीही तशीच वाचायची, एकेका ओळीच्या कडेपर्यंत जाऊन, मग थांबून अर्थ सांगत. गेल्या शनिवारी ध्रुवाची कथा होती. सावत्र आईनं बापाच्या मांडीवरून ओढून काढलेलं पोर, आणि देवानं त्याला दिलेलं अढळपद.

धाकटी म्हणाली, "पण आकाशातला ध्रुवतारा कायमचा नाही हं. काही हजार वर्षांपूर्वी तिथे दुसराच तारा होता. मला वाटतं, देवानं पोराला तारा केलं नाही, जागा दिली. तारे बदलतात, जागा राहते."

बायकांची कुजबुज सुरू झाली. थोरलीचं डोकंच फिरलं. "पोथी वाचायला दिलीय, दुरुस्त करायला नाही! काचा घासून शहाणपण आलंय का?" म्हणत तिनं सगळ्यांदेखत धाकटीच्या मांडीवरून पोथी ओढून घेतली. धाकटी चपला घालून निघून गेली.

"ती नसेल तर मीही येत नाही," शिवणवाली म्हणाली. "हे गेल्यापासून जो तो सांगतो, तारा झालेत, वर बघ. मला मेलीला रात्री धड सुई दिसत नाही, तारा कुठला दिसायला! जागा राहते म्हणाली, ते मात्र पटलं. पलंगाची त्यांची बाजू रिकामी असते, पण आता खायला उठत नाही."

ती गेली. थोरलीनं इस्त्रीचं बटण बंद केलं. आठवडाभर ती स्वतःला समजावत होती, मी देवाची बाजू घेतली. पण त्या कथेत मांडीवरून हिसकावणारी बाई एकच होती. थोरलीला देव्हाऱ्याकडे बघवेना.

फोन करावा? छे. अपमान चारचौघांत केला, माफी कानात कुजबुजून कशी भागेल? दुकानात गिऱ्हाइकं असतील. असू देत.

तिनं साडी नीट केली, दाराला कुलूप लावलं. दुकान बंद व्हायच्या आत धाकटीकडे जायचं होतं, शनिवारी तूच वाच म्हणून सांगायला.