बेडूक की पक्षी

बाबांच्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. पिंडापासून मी पुरता मागे सरलोही नव्हतो, तोच तळ्याकाठच्या करंजावरून तो उतरला, शितं उचलली आणि गेला. त्यांच्या मनात काही राहिलं नव्हतं, असं कुणीतरी म्हणालं आणि माणसं घराकडे वळली. राहिलं नव्हतं हे मला ठाऊक होतं. जे होतं ते काही वर्षांपूर्वी याच तळ्याकाठी संपलं होतं, आणि तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसलेलो होतो.

आईच्या वेळी कावळा आला नव्हता.

आमचं गाव मुरबाडहून माळशेजकडे जाताना, वैशाखऱ्याच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत. बाबा तिथल्या शाळेत शिक्षक होते. शाळेमागे आमचं घर, घरामागे उतरत गेलेली भातखाचरं आणि ती संपतात तिथे तळं. उन्हाळ्यात त्यात गुरं बसत. पावसात ते भरलं की काठची निरगुडी, केवडा, लव्हाळे एकमेकांत शिरत आणि पाणी कुठे संपलं, झाडी कुठे सुरू झाली ते कळेनासं होई. त्या गचपणातून तो आवाज यायचा.

आधी घसा खाकरल्यासारखं काहीतरी. मग क्रर्र-क्वाक्-क्वाक्, क्रर्र-क्वाक्-क्वाक्. हळूहळू त्यातली खरखर विरून नुसतं कुवाक्, कुवाक्, थांबणं नाहीच. एकाने सुरू केलं की दुसरा त्यात मिसळे. श्रावणातल्या ढगाळ दुपारी मी ओटीवर पुस्तक छातीवर ठेवून पडलेला असे. अर्धवट झोपेत तो आवाज पाण्यासारखा घरात चढत जाई, आणि खाट, पुस्तक, भिंतीवरचं घड्याळ त्यावर हलकेच तरंगत आहेत असं वाटे. मधूनमधून आईबाबांचं बोलणं ऐकू येई. आई स्वयंपाकघरात, बाबा ओटीवर.

"आज बेडूक रंगात आलेत."

"बेडूक नव्हे तो. पक्षी आहे."

"कोणता पक्षी?"

"मला काय विचारता? मी काय त्याच्याकडे हळदीकुंकवाला जाते?"

"मग पक्षी कशावरून?"

"बेडूक असा बोलत नाही. हा मधेच विचार करायला थांबतो."

"बेडकालाही विचार येत असतील."

"येत असतील. तुमच्या शाळेत असेल एखादा."

दरवर्षी हेच. शब्द थोडे इकडेतिकडे होत, एवढंच. एकदा बाबा कंटाळून म्हणाले, "बरं बाई, पक्षी तर पक्षी." आई पिठाच्या हातांनी बाहेर आली. ती एवढी रागावलेली मी क्वचित पाहिली असेल. "मला गप्प करायला म्हणू नका," ती म्हणाली. "पटेल तेव्हा म्हणा. नाही पटलं तर भांडा." बाबांनी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी तो आवाज आल्यावर त्यांनी आवर्जून सांगितलं, "बेडूक." आत भांडी जरा मोठ्याने वाजली, पण ती खुशीत होती हे आम्हा दोघांनाही कळलं.

तळं घरापासून हाकेच्या अंतरावर होतं. जाऊन पाहावं असं दोघांपैकी कुणाच्याही मनात आलं नाही. निदान कुणी तसं बोललं नाही.

पुढे मी शहापूरला हायस्कुलात शिकवायला लागलो. तिथेच खोली घेऊन राहायचो आणि सुटी जोडून आली की मुरबाडला एस.टी. बदलून घरी यायचो. एका आषाढात आई तापाने गेली. दहाव्याला पाऊस धरूनच होता. तळ्याकाठी पिंड मांडले, मी हात जोडले आणि आम्ही थांबलो. कावळे करंजावर पंख फुगवून बसले होते, खाली यायला तयार नव्हते. डोक्यावर इरली घेतलेली माणसं एकेक करून आईला आश्वासनं देऊ लागली. पोराचं लग्न लावू. गुरुजींना जपू. काळी गाय विकणार नाय. कावळ्यांनी माना वळवूनही पाहिलं नाही.

शेवटी शेजारच्या खाचराचा म्हातारा मालक बाबांपाशी आला. "गुरुजी, आमी सगलं बोलून बसलो. आता तुमीच बोला. बायचं मन कशात अडकलंय ते तुमाला ठावं."

बाबा मला जरा बाजूला घेऊन गेले. "तो बेडकाचा वाद असेल," ते हळू आवाजात म्हणाले. ते गंमत करत नव्हते. त्यांच्या चष्म्यावरून पाणी ओघळत होतं आणि त्यामागचे डोळे मला दिसत नव्हते.

"मग म्हणा ना, पक्षी होता म्हणून."

"मला अजून पटलेलं नाही."

"आज तरी म्हणा."

"पटल्याशिवाय म्हटलं तर तिला कळेल," बाबा म्हणाले.

भटजींनी अखेर दर्भाचा कावळा करून शिववला. तसं चालतं. पण घरी परतताना बाबा पुन्हा पुन्हा मागे वळून पाहत होते.

त्यानंतर मी दर सुटीला घरी जाऊ लागलो. बाबा ओटीवर बसलेले असत. तळ्यातून तो आवाज आला की ते अंग आखडून ऐकत आणि काही बोलत नसत. एकदा त्यांनी विचारलं, "तुमच्या शाळेत पक्ष्यांचं पुस्तक आहे का?"

मी नेलं. त्यात पाणकोंबडीचं चित्र होतं. पाठ पाटीच्या रंगाची, चेहऱ्यापासून पोटापर्यंत पांढरीशुभ्र, शेपटीखाली तांबूस. पावसाळ्यात घोगऱ्या आवाजात फार ओरडते, असं खाली लिहिलेलं. बाबांनी ते दोनदा वाचलं आणि पुस्तक मिटलं. "पाणकोंबडी मला माहीत आहे. बांधावरून पळताना कितीदा पाहिली. पण आपल्या तळ्यात ओरडते ती हीच, हे यात कुठे आहे?"

म्हणून आम्ही बांधावर जाऊन बसू लागलो. एका छत्रीखाली, खाली पोतं टाकून. धुकं खाचरांवरून सरकत यायचं, तळं पुसून टाकायचं आणि पुन्हा काढून दाखवायचं. बेडूक होतेच. पाऊल वाजलं की ते सगळे एकदम गप्प होत आणि थोड्या वेळाने सगळे एकदम सुरू होत. हा आवाज त्यांच्यात नव्हता. तो आपल्या मर्जीने येई, मधेच थांबे, जागा बदलून पुन्हा लागे. विचार करायला थांबतो, असं आई म्हणायची ते मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं. एका संध्याकाळी तो चक्क वरून, निरगुडीच्या शेंड्याकडून आला.

"आता?" मी विचारलं.

"झाडावरही बेडूक असतात," बाबा म्हणाले. ते खोटं नव्हतं.

मग एका सकाळी झिमझिम थांबली आणि उजेड दुधासारखा सगळीकडे सारखा पसरला. निरगुडीच्या शेंड्यावर काहीतरी पांढरं होतं. आधी वाटलं, कुणाचा तरी फडका वाऱ्याने येऊन अडकलाय. मग त्या फडक्याला चोच फुटली. पाणकोंबडीने मान उंचावली, गळा फुगला, चोच उघडली. क्रर्र-क्वाक्-क्वाक्. चोच मिटली तेव्हा आवाज थांबला. पुन्हा उघडली तेव्हा आला. खाली लव्हाळ्यातून दुसरीने उत्तर दिलं.

बाबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि परत लावला. पाणकोंबडी अजून तिथेच होती.

"तीच," ते म्हणाले. मग म्हणाले, "आधीच येऊन बघितलं असतं तर इतकी वर्षं बोललो कशावर असतो?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः भात केला. तो थोडा लागला. दही घालून पळसाच्या पानावर घेतला आणि आम्ही तळ्याकाठी गेलो. पिंड मांडले होते त्याच दगडावर त्यांनी पान ठेवलं. हात जोडले नाहीत. ओटीवरून आत सांगावं तशा आवाजात म्हणाले, "पक्षीच होता. पाणकोंबडी. मी डोळ्यांनी पाहिलं. आता पटलं."

मग छत्री उघडून ते निघाले. या वेळी त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, म्हणून मीही पाहिलं नाही. कावळा आला की नाही, मला माहीत नाही.

आम्ही दुसऱ्या बांधापर्यंत आलो असू. मागून आवाज लागला, आधी खरखर, मग कुवाक्, कुवाक्. बाबांचे पाय थांबले.

"आज बेडूक रंगात आलेत," ते म्हणाले, आणि वाट पाहत उभे राहिले.

पाणी खाचरातून खाचरात उतरत होतं. ते काय ऐकायला थांबलेत हे कळायला मला थोडा वेळ लागला.

"बेडूक नव्हे तो," मी म्हणालो. "पक्षी आहे."

"कोणता पक्षी?" त्यांनी विचारलं आणि चालू लागले.